जुन्या संगणकातील मराठी दप्तर आणि आभासी यंत्र

कागदाला कसर लागते, वाळवी लागते, ओल येते. दप्तरखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकास हे ठाऊक असते आणि त्यावरचे उपायही ठाऊक असतात. संगणकात ठेवलेल्या मजकुराला यांपैकी काहीच होत नाही. परंतु त्यास निराळ्या प्रकारचा क्षय जडतो, आणि तो कित्येक वर्षे कोणाच्या ध्यानातही येत नाही. पणजीच्या पुराभिलेखागारातील सोळाव्या शतकाची पोर्तुगीज हस्तलिखिते आजही उघडून वाचता येतात. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल सोडला, तर मोडी जाणणारा मनुष्य त्यातील पत्र वाचू शकतो. याउलट १९९६ साली एखाद्या कार्यालयात संगणकावर सिद्ध केलेले मराठी पत्र आजच्या संगणकावर उघडावे, तर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि परकीय चिन्हे यांची एक अर्थशून्य रांग उमटते. मजकूर नष्ट झालेला नसतो. तो वाचण्याची रीत ज्या यंत्रास अवगत होती, ते यंत्र तेवढे कामातून गेलेले असते.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर मराठी माणसांनी चालविलेल्या संस्थांच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. गोवा, बेळगाव, वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा ठिकाणच्या वाचनालयांची, शिक्षणसंस्थांची व साहित्यमंडळांची कागदपत्रे अन्यत्र कोठे प्रतिरूपाने असण्याचा संभव कमी. समजा, सीमाभागातील एखाद्या तालुक्याच्या गावी एक जुने वाचनालय आहे. तेथील काही हजार ग्रंथांची सूची, देणगीदारांची नोंद आणि वार्षिक अहवाल १९९८ ते २००६ या काळात एका संगणकावर मोठ्या कष्टाने चढविले गेले. तो संगणक अद्याप कोपऱ्यात उभा आहे. त्यात विंडोज एक्सपी आहे, सूचीचा कार्यक्रम फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला आहे, आणि पाठीमागच्या बाजूस मराठी सॉफ्टवेअरचे लॉक बसविलेले आहे. यंत्र सुरू करताना हार्ड डिस्कमधून टक् टक् असा आवाज येऊ लागला आहे. हे दप्तर कसे वाचवावे, याचा एक विनामूल्य व खात्रीचा मार्ग प्रस्तुत लेखात सांगावयाचा आहे.

अडचणीचे मूळ

भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचा संकेत भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाणित केला. जगातील सर्व लिप्यांना सामावून घेणाऱ्या युनिकोड संकेताच्या पहिल्या आवृत्तीतही, म्हणजे त्याच वर्षी, देवनागरीला स्थान मिळाले होते. परंतु विंडोज ९५ आणि ९८ या प्रणालींना देवनागरी मुळातून उमगत नव्हती. ती सोय प्रथम विंडोज २००० मध्ये आली. मधल्या काळात काम तर अडून राहणे शक्य नव्हते. तेव्हा सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनी एक व्यवहारी तोड काढली. फॉन्टमध्ये रोमन अक्षरांसाठी असलेल्या घरांत त्यांनी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविले. संगणकाच्या लेखी तो इंग्रजी मजकूरच राहिला. डोळ्यांना मात्र मराठी दिसू लागली. आयएसएम, श्रीलिपी, आकृती ही नावे त्या काळात संगणकावर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाची आहेत. या सॉफ्टवेअरांनी मराठी मुद्रणाची मोठी सेवा केली, हे मान्यच केले पाहिजे. मात्र प्रत्येकाची घरांची मांडणी स्वतंत्र होती. एकाच्या फॉन्टमध्ये जेथे ‘क’ बसला, तेथे दुसऱ्याने वेलांटी बसविली. म्हणून तो विशिष्ट फॉन्ट नसेल, तर मजकुराचा अर्थ लागत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जवळ केवळ वर्डमधील पत्रे असतील आणि मूळ फॉन्टची फाईल हाती असेल, तर आभासी यंत्राचा खटाटोप करण्याचे कारण नाही. तो फॉन्ट लिनक्सवर बसवून लिब्रेऑफिसमध्ये पत्र उघडले, की ते बहुधा वाचता येते. पेजमेकरमध्ये जुळविलेली स्मरणिका, फॉक्सप्रोमधील सूची, हिशेबाचा एखाद्याने खास लिहून दिलेला कार्यक्रम यांची गोष्ट निराळी आहे. फॉक्सप्रोचे तक्ते लिब्रेऑफिसमध्ये उघडतात हे खरे. पण कोणत्या स्तंभात काय आहे, ‘क्ष २’ म्हणजे देणगीदार की दालनक्रमांक, हे मूळ कार्यक्रम चालविल्यावाचून कळत नाही. ज्याने तो लिहिला, तो मनुष्य बहुधा गाव सोडून गेलेला असतो.

आभासी यंत्र म्हणजे काय

एका मोठ्या वाड्यात निरनिराळी बिऱ्हाडे नांदावीत, प्रत्येकाला आपला स्वतंत्र दरवाजा व स्वतंत्र चूल असावी, आणि पाया व छप्पर मात्र एकच असावे, तशी ही व्यवस्था आहे. एका खऱ्या संगणकाच्या पोटात सॉफ्टवेअरच्या साहाय्याने दुसरा संगणक उभा केला जातो. या दुसऱ्या संगणकाला स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, स्वतःची डिस्क आहे असे वाटते. वस्तुतः त्याची डिस्क ही खऱ्या डिस्कवरील एक मोठी फाईल असते. खऱ्या संगणकास यजमान आणि आतल्या संगणकास पाहुणा म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पाहुण्याच्या घरात विंडोज एक्सपी चालते. तिला आपण कोणाच्या घरी आहोत याचा पत्ताही नसतो.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात १९६० च्या दशकातच एका महासंगणकाचे असे अनेक आभासी संगणक करण्यात आले होते, आणि १९७२ मध्ये त्या कंपनीने व्हीएम ३७० ही प्रणाली बाजारात आणली. टेबलावरच्या संगणकापर्यंत हे तंत्र पोहोचण्यास मात्र पुढे बराच काळ जावा लागला. कारण त्या संगणकांच्या प्रोसेसरची घडण या कामास अनुकूल नव्हती. पाहुण्या प्रणालीने एखादी नाजूक आज्ञा दिली, की ती यजमानाने वाटेत अडवून स्वतः पार पाडावयाची असते. जुन्या प्रोसेसरांत काही आज्ञा अशा अडविताच येत नसत. २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने आपल्या प्रोसेसरांत त्यासाठी खास सोय केली, आणि मग हा मार्ग सर्वांना खुला झाला.

लिनक्स या मुक्तस्रोत प्रणालीवर या कामासाठी दोन साधने एकत्र नांदतात. फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले क्यूईएमयू हे डिस्क, पडदा, नेटवर्क कार्ड इत्यादी उपकरणांची हुबेहूब नक्कल करते. केव्हीएम हे प्रोसेसरच्या वर उल्लेखिलेल्या सोयीचा उपयोग करून पाहुण्यास खऱ्या प्रोसेसरची गती मिळवून देते. केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाले. या दोहोंवर देखरेख ठेवणारी लिबव्हर्ट ही व्यवस्था, आणि माणसास माऊसने काम करता यावे म्हणून व्हर्ट-मॅनेजर ही खिडकी, असा हा चौकोनी संसार आहे. चारही साधने मुक्तस्रोत परवान्यांखाली उपलब्ध असून शासकीय कार्यालयास वा संस्थेस त्यांपोटी कोणताही मोबदला द्यावा लागत नाही.

व्हर्च्युअलबॉक्स हे दुसरे साधन अनेकांच्या माहितीचे आहे आणि ते हाताळण्यास अधिक सोपे आहे, हे नाकारता येणार नाही. मात्र त्याच्या बाबतीत कार्यालयांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मूळ व्हर्च्युअलबॉक्स मुक्तस्रोत असले, तरी त्याला जोडावयाचा एक्स्टेन्शन पॅक निराळ्या परवान्याखाली येतो. तो वैयक्तिक व शैक्षणिक उपयोगासाठी विनामूल्य आहे, कार्यालयीन उपयोगासाठी नाही. कोणीतरी उत्साहाने तो उतरवून घेतो आणि पुढे लेखापरीक्षणात त्याचे उत्तर देणे कठीण जाते. दुसरी गोष्ट अशी, की व्हर्च्युअलबॉक्सचा एक भाग लिनक्सच्या गाभ्याबाहेर तयार होतो. गाभ्याची नवी आवृत्ती आली की तो पुन्हा घडवावा लागतो, आणि संगणकात सिक्युअर बूट चालू असेल तर त्यावर स्वाक्षरीही करावी लागते. न केल्यास काल चालणारे यंत्र आज सुरूच होत नाही. केव्हीएम गाभ्यातच असल्याने हा व्याप उद्भवत नाही. म्हणून पुढील विवेचन केव्हीएमला धरून केले आहे.

यजमान संगणकाची सिद्धता

यासाठी नवा संगणक विकत घेण्याची आवश्यकता नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ज्यांवर बसत नाही असे पुष्कळ सुस्थितीतील संगणक कार्यालयांतून बाजूस पडले आहेत. असा एखादा संगणक, आठ गिगाबाइट मेमरी आणि शे-दोनशे गिगाबाइट मोकळी जागा एवढे या कामास भरपूर होते. त्यावर डेबियन, उबंटू, अथवा सी-डॅकने डेबियनच्या आधारे सिद्ध केलेली बॉस ही भारतीय प्रणाली बसवावी.

प्रथम प्रोसेसरमध्ये आवश्यक ती सोय आहे की नाही ते पाहावे. टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही आज्ञा दिली असता येणाऱ्या माहितीत व्हर्च्युअलायझेशन या शब्दासमोर व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही असे लिहिलेले आढळले पाहिजे. ते न आढळल्यास निराश होण्याचे कारण नाही. पुष्कळदा सोय असते, पण संगणकाच्या बायोसमध्ये ती बंद ठेवलेली असते. संगणक सुरू होताना बायोसमध्ये जाऊन ती चालू करावी आणि पुन्हा तपासावे.

त्यानंतर सॉफ्टवेअरच्या भांडारातून क्यूईएमयू, लिबव्हर्ट आणि व्हर्ट-मॅनेजर ही पॅकेजेस बसवून घ्यावीत. परस्परांवर अवलंबून असलेल्या इतर गोष्टी त्यांच्याबरोबर आपोआप येतात. नवशिक्याची गाडी येथे एका क्षुल्लक कारणाने अडते. व्हर्ट-मॅनेजर उघडतो, पण जोडणी नाकारल्याचा संदेश येतो. काम करणाऱ्या व्यक्तीचे नाव ‘लिबव्हर्ट’ या गटात नोंदवावे लागते, आणि नोंदविल्यावर एकदा लॉगआऊट करून पुन्हा आत यावे लागते. हे दुसरे पाऊल विसरल्यामुळे कित्येकांनी सारी व्यवस्था पुसून पुन्हा बसविली आहे. डिस्कच्या प्रतिमा ठेवण्यासाठी लिबव्हर्टने ‘इमेजेस’ नावाचे जे ठरीव ठिकाण केलेले असते, तेथेच त्या ठेवाव्यात. आपल्या घरच्या फोल्डरमध्ये ठेवल्यास परवानगी नसल्याची तक्रार येते.

जुन्या डिस्कची प्रतिमा

या साऱ्या कामातील सर्वांत जोखमीचा भाग हाच आहे. येथे घाई करू नये. टक् टक् आवाज करणारी डिस्क आणखी किती वेळा सुरू होईल, हे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून ती चालू करून फाईली चाळीत बसणे, एकेक फोल्डर पेनड्राइव्हवर उतरविणे, तपासणीचा कार्यक्रम चालविणे हे सर्व टाळावे. एकदाच, शांतपणे, संपूर्ण डिस्कची प्रथमपासून अखेरपर्यंत प्रत घ्यावी आणि मग मूळ डिस्कला पुन्हा हात लावू नये.

यंत्र बंद करून डिस्क बाहेर काढावी. त्या काळातील डिस्कला रुंद पट्टीची आयडीई जोडणी असते. ती यूएसबीला जोडणारे अडॅप्टर बाजारात स्वस्तात मिळते. साडेतीन इंची डिस्कसाठी त्याबरोबर स्वतंत्र वीजपुरवठा असणारेच घ्यावे. लिनक्सच्या डेस्कटॉपवर नवी डिस्क दिसताच ती आपोआप उघडण्याची व्यवस्था असते. ती आधी बंद करावी, म्हणजे जुन्या डिस्कवर चुकूनही काही लिहिले जाणार नाही. मग डीडीरेस्क्यू हे मुक्तस्रोत साधन योजावे. डेबियनच्या भांडारात ते ‘जीडीडीरेस्क्यू’ या नावाने आढळते. त्याचा मोठा गुण असा, की ते प्रथम सहज वाचता येणारा सारा भाग उचलून घेते आणि खराब जागा नंतरसाठी राखून ठेवते. केलेल्या कामाची नोंद ते एका निराळ्या फाईलीत करीत जाते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी जेथे थांबले तेथून पुढे चालू करता येते. आज्ञेत ‘कोठून’ आणि ‘कोठे’ ही दोन नावे उलटसुलट झाली, तर मात्र वाचवावयाची डिस्कच पुसली जाईल. ही आज्ञा देण्यापूर्वी दुसऱ्या एखाद्या माणसास शेजारी बसवून ती मोठ्याने वाचून घ्यावी. बँकेत रोकड दोघांनी मोजण्याची पद्धत आहे, ती काही उगीच नव्हे.

या खटाटोपातून जी प्रतिमा तयार होते तिला रॉ असे म्हणतात. तिची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवून द्यावी व तिजवर तारीख घालावी. कामासाठी दुसरी प्रत क्यूईएमयूबरोबर येणाऱ्या साधनाने क्यूकाऊ-टू या स्वरूपात बदलून घ्यावी. हे स्वरूप रिकाम्या जागेस जागा देत नाही, आणि हव्या त्या क्षणाची स्थिती त्यात टिपून ठेवता येते.

पाहुण्याचे घर उभारणे

व्हर्ट-मॅनेजरमध्ये नवे यंत्र करताना ‘असलेली डिस्क प्रतिमा वापरा’ हा पर्याय घ्यावा आणि प्रणाली म्हणून विंडोज एक्सपी निवडावी. शेवटच्या पायरीवर, यंत्र सुरू करण्यापूर्वी मांडणी बदलण्याची मुभा मिळते. ती अवश्य घ्यावी. संगणकाचा साचा आय४४०एफएक्स हा जुना असावा, क्यू३५ हा नवा नसावा. सुरू होण्याची पद्धत बायोसची असावी, यूईएफआयची नसावी. डिस्कची जोडणी आयडीई ठेवावी. व्हर्टआयओ ही जोडणी वेगवान खरी, पण एक्सपीला ती ओळखीची नाही. मेमरी एक गिगाबाइट पुरे. अधिक दिल्याने जुन्या प्रणालीची प्रकृती सुधारत नाही. विंडोज ९८ असेल तर मेमरी ५१२ मेगाबाइटच्या वर मुळीच जाऊ देऊ नये, नाहीतर ती सुरूच होत नाही.

विंडोज ९८ विषयी आणखी एक सूचना. अलीकडच्या काही प्रोसेसरांवर केव्हीएमच्या गतीने ती प्रणाली चालविली, तर ती मध्येच कोसळते. तेथे केव्हीएम बाजूस ठेवून केवळ क्यूईएमयूच्या नकलेवर तिला चालवावे. गती पुष्कळच घटते. परंतु पेंटियमच्या काळातील कामाला आजच्या संगणकाची घटलेली गतीही बहुतेक पुरून उरते.

एक्सपीची प्रतिमा प्रथमच सुरू होताना निळा पडदा येऊन सात-बी हा दोषक्रमांक दिसला, तर घाबरू नये. जुन्या संगणकाच्या बोर्डावरील डिस्क-नियंत्रक आणि आभासी यंत्राचा नियंत्रक निराळे असल्याचे ते लक्षण आहे. मूळ यंत्र धडधाकट असेल, तर प्रत घेण्यापूर्वीच त्यातील डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आयडीई नियंत्रकाचा ड्रायव्हर स्टँडर्ड ड्युअल चॅनल असा सर्वसामान्य करून ठेवावा, म्हणजे हा प्रसंग येत नाही. आपल्या वाचनालयाच्या डिस्कसारखी ती आजारी असेल, तर मूळ यंत्र सुरू न करता प्रत घेणे हेच श्रेयस्कर. नंतर एक्सपीच्या मूळ सीडीने आभासी यंत्रातच दुरुस्ती करता येते, आणि ती फसली तरी रॉ प्रत शिल्लक असते.

यंत्रसामग्री बदलल्याचे पाहून एक्सपी पुन्हा नोंदणी मागते, हेही गृहीत धरावे. येथे परवान्याचा प्रश्न उपस्थित होतो. लिनक्स व केव्हीएम मुक्त असले, म्हणून त्यांच्या पोटात चालणारी विंडोज मुक्त होत नाही. संगणकाबरोबर आलेला परवाना पुष्कळदा त्या संगणकापुरताच असतो. स्वतंत्र पेटीत घेतलेला परवाना दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. जुनी बिले व परवान्याची चिठ्ठी शोधून ती या यंत्राच्या फाईलीला जोडून ठेवावीत.

मराठी सॉफ्टवेअरचे लॉक हा पुढचा अडथळा. ते यूएसबीचे असेल तर मार्ग सुकर आहे: व्हर्ट-मॅनेजरमध्ये हार्डवेअर जोडा असे सांगून यजमानाचे ते यूएसबी उपकरण पाहुण्याच्या हवाली करावे. १९९० च्या दशकातील लॉक मात्र प्रिंटरच्या पॅरलल पोर्टवर बसणारे असते. यूएसबीपासून पॅरलल करणारी केबल येथे निरुपयोगी ठरते. कारण तिला प्रिंटरखेरीज कशाशीच बोलता येत नाही. खरा पॅरलल पोर्ट असलेले कार्ड यजमानात बसवून ते पाहुण्यास देता येते, परंतु यश हमखास नाही. लॉक फोडून देण्याच्या युक्त्या सांगणारे लोक भेटतात. सार्वजनिक संस्थेने त्या वाटेस जाऊ नये. शिवाय तशी गरजही क्वचितच पडते. लॉक लागते ते बहुतेक वेळा नवे टंकन करण्यासाठी. आधी लिहिलेला मजकूर दिसण्यास फॉन्ट पुरेसा असतो, आणि तो प्रतिमेत आलेलाच असतो.

एका परिस्थितीत मात्र आभासी यंत्राचा काही उपयोग होत नाही. डॉसच्या काळात सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकाच्या आत बसवून मराठी पडद्यावर आणली जात असे. ते कार्ड म्हणजे प्रत्यक्ष वस्तू. क्यूईएमयूला तिची नक्कल करता येत नाही. सुदैवाने त्या पद्धतीत मजकूर इस्की संकेतात साठविला जाई, आणि इस्कीचा आराखडा प्रसिद्ध असल्याने त्याचे युनिकोडात रूपांतर थेट करता येते. अधिक जुना मजकूर अधिक सहजतेने सुटावा, ही एक गंमतच म्हणावयाची.

नेटवर्क आणि स्थितीची टिपणी

विंडोज एक्सपीला सुरक्षेच्या सुधारणा मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबले. तिला इंटरनेटवर सोडणे म्हणजे दार सताड उघडे टाकून गावाला जाणे होय. व्हर्ट-मॅनेजर नव्या यंत्राला आपणहून नेटवर्क कार्ड देतो. ते काढून टाकावे. ज्या यंत्राचे काम जुने दप्तर दाखविणे एवढेच आहे, त्याला बाहेरच्या जगाशी बोलण्याचे प्रयोजन नाही.

यंत्र सुरळीत चालू झाले, सूचीचा कार्यक्रम उघडला, पडद्यावर मराठी नावे दिसली, की यंत्र बंद करून त्या क्षणाची स्थिती स्नॅपशॉट या सोयीने टिपून ठेवावी. पुढे कोणाच्या हातून काही बिघडले, तरी एका आज्ञेत पूर्वस्थितीवर येता येते. स्नॅपशॉट त्याच फाईलीत राहतो, हे मात्र विसरू नये. ती फाईल गेली की तोही जातो. म्हणून बाहेरच्या डिस्कवरील प्रतीची गरज कायम राहते. यजमानाच्या डिस्कवरील मोकळ्या जागेकडेही लक्ष असावे. क्यूकाऊ-टू फाईल वापराबरोबर वाढत जाते आणि जागा संपली की पाहुणे यंत्र आहे तेथे गोठून थांबते.

मजकूर बाहेर आणणे

आभासी यंत्रात सूची दिसू लागली, म्हणजे काम संपले असे मानून पुष्कळ जण थांबतात. पण पुढील वीस वर्षे वाचनालयाचे सेवक ग्रंथाचे नाव शोधण्यासाठी एक्सपी सुरू करणार आहेत काय? मजकूर युनिकोडात आला, तरच तो शोधता येईल, नव्या सूचीत घालता येईल आणि दुसऱ्या संस्थेस देता येईल. आभासी यंत्राची खरी गरज या रूपांतराच्या वेळी पडते. कारण मूळ मजकूर कसा दिसत होता, याची साक्ष देणारे तेवढे एकच ठिकाण उरलेले असते.

फाईली बाहेर काढण्याची सर्वांत निर्धोक पद्धत अशी. पाहुणे यंत्र पूर्णपणे बंद करावे आणि लिबगेस्टएफएस या साधनाने त्याची डिस्क-प्रतिमा यजमानावर केवळ वाचनासाठी उघडावी. मग तिच्यातील हवे ते फोल्डर नेहमीप्रमाणे नकलून घ्यावे. पाहुणे यंत्र चालू असताना असे करणे धोक्याचे आहे. पेजमेकरमधील स्मरणिकेसारख्या गोष्टींसाठी दुसरी युक्ती उपयोगी पडते. एक्सपीमध्ये पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर जोडला आहे असे भासवून छपाई फाईलीत करावी, आणि ती फाईल यजमानावर घोस्टस्क्रिप्टने पीडीएफमध्ये बदलावी. पानाची मांडणी, फॉन्ट, चित्रे जशीच्या तशी राहतात. या पीडीएफमध्ये शब्द मात्र शोधता येत नाहीत, कारण आत अजून तीच रोमन घरे आहेत.

सूचीच्या तक्त्यांचे रूपांतर फॉन्टनुसार करावे लागते. त्यासाठी रूपांतर-कार्यक्रम उपलब्ध आहेत, पण त्यांच्यावर विसंबून एका झटक्यात सर्व तक्ते बदलू नयेत. प्रथम शंभर नोंदी बदलाव्यात. एका पडद्यावर आभासी यंत्रातील मूळ नोंद आणि शेजारी लिब्रेऑफिसमधील युनिकोड नोंद, अशा मांडून दोघांनी मिळून ताडून पाहाव्यात. चुका कोठे होतात हे अनुभवाने ठरून गेलेले आहे. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि युनिकोडात ती नंतर यावी लागते. जोडाक्षरापुढे ती चुकीच्या जागी पडते. रफाराचे उलट आहे: तो जुन्या पद्धतीत अक्षराच्या शेवटी आणि युनिकोडात आरंभी. ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ यांतील रकार, ‘ट्र’ आणि ‘ड्र’, ‘श्र’, ‘ळ’ला जोडलेला ‘य’, तसेच ‘ॲ’ ही अक्षरे विशेष करून पाहावीत. ग्रंथनामांत व आडनावांत ही अक्षरे फार येतात. इंग्रजी शब्द आणि ग्रंथांचे दाखलक्रमांक यांची वेगळीच गत होते. मूळ नोंदीत ते साध्या रोमन फॉन्टमध्ये असतील, तर रूपांतर-कार्यक्रम त्यांनाही मराठी समजून त्यांची विचित्र अक्षरे करून टाकतो. म्हणून दाखलक्रमांक, किंमत व वर्ष यांचे स्तंभ आधीच वेगळे काढून रूपांतरातून वगळावेत.

शंभर नोंदींत आढळलेल्या चुका कार्यक्रमात दुरुस्त करून मग पुढच्या हजार घ्याव्यात. सर्व नोंदी तपासून झाल्यावरही आभासी यंत्र पुसून टाकू नये. देणगीदाराच्या नावातील एखादे अक्षर शंकास्पद वाटले, तर ते पाहण्यास परत तेथेच जावे लागते. त्या यंत्राचा पासवर्ड, फॉन्टचे नाव, प्रतिमेची तारीख व बाहेरची डिस्क कोणत्या कपाटात आहे, एवढ्या चार गोष्टी वाचनालयाच्या दाखल-नोंदवहीच्या पहिल्या पानावर शाईने लिहून ठेवाव्यात.